स्लॅबवर न पडलेलं पाणी

ईरा, निशांत — परतूरच्या घराची गोष्ट तुम्हाला पाठ आहे असं तुम्हाला वाटतं. तुम्हाला येते ती अर्धीच आहे. उरलेली अर्धी मी पन्नास वर्षांत कुणालाही सांगितली नाही. तुमच्या आजोबांना नाही, तुमच्या बाबाला नाही, आत्याला नाही, देवापुढे एकटी बसलेली असतानाही नाही. एका बाईला ती ठाऊक होती. तिने ती चारचौघांत मोठ्याने सांगितली — आणि तिच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. का ठेवला नाही, तेच लिहायला बसले आहे.

मराठीत लिहिते आहे. ईराला वाचायला वेळ लागेल, मला माहीत आहे. लागू दे. इंग्रजी मी जन्मभर शिकवलं, पण त्या भाषेत मी नेहमीच फार सभ्य राहिले. आज मला सभ्य राहायचं नाही.

मागच्या रविवारी फोनवर ईरा म्हणाली, नव्या घराच्या तळघरात पाणी येतंय आणि बिल्डर म्हणतो, दोष बांधकामाचा नाही, तुम्ही घर नीट वापरत नाही. मग हसत म्हणाली, "आजी, तुझ्यासारखी वही ठेवू का?" मागून तुमचा बाबा ओरडला, "ठेव, ठेव! माझ्या आईने एका वहीच्या जोरावर गुत्तेदाराला नाक घासायला लावलं होतं." सगळे हसले. मीही हसले. गेली पन्नास वर्षं या ठिकाणी मी हसतच आले आहे. फोन ठेवला आणि वाटलं — आता पुरे.

वही जरूर ठेव, ईरा. तारीख घाल, कुठे ओल आली ते लिही, बिल्डर काय म्हणाला ते त्याच्याच शब्दांत लिही. वहीत काही वाईट नाही. माझ्या वहीतही एक ओळ खोटी नव्हती. एकही नाही. हे लक्षात ठेवून पुढे वाचा.

परतूर आज जालना जिल्ह्यात आहे, तेव्हा परभणीत होतं. रेल्वे स्टेशनच्या पलीकडे, कापसाच्या जिनिंगच्या मागे, आम्ही आठ कुटुंबांनी मिळून सोसायटी केली — पाच शिक्षक, तीन कारकून. आठ सारखी घरं, सगळी स्लॅबची. गावात स्लॅबचं घर म्हणजे तेव्हा मोठं अप्रूप. करारनामा इंग्रजीत होता आणि तो शेवटपर्यंत वाचलेली मी एकटीच, म्हणून मला सेक्रेटरी केलं. एक बाई सेक्रेटरी! काही जणांना ते आवडलं नव्हतं. मला फार आवडलं होतं.

गुत्तेदार — म्हणजे तुमच्याकडचा बिल्डर, आमच्याकडे गुत्तेदारच म्हणतात — लबाड होता. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे तुम्हाला त्याची दया येईल आणि ती मला नको आहे. सिमेंट तेव्हा परमिटवर मिळायचं. आमच्या परमिटची काही पोती दुसऱ्याच कुणाच्या बांधकामावर गेली, हे अख्ख्या गावाला माहीत होतं. दुधना नदीची वाळू त्याने न चाळता वापरली. दारं ओल्या लाकडाची, पहिल्याच वर्षी पिळली. फरशी पायाखाली पोकळ वाजायची. त्याला मी पत्रांवर पत्रं लिहिली, त्यातल्या एकाही शब्दाचा मला पश्चात्ताप नाही. आज तो समोर आला तरी मी त्याची माफी मागणार नाही.

पण हे लिखाण त्याच्याबद्दल नाही. मी त्याच्याबद्दल लिहिते आहे, कारण त्याच्याबद्दल लिहिणं सोपं आहे.

स्लॅब टाकल्यावर काय करतात, सांगते. वर मातीचे छोटे बांध घालून वाफे करतात, शेतात करतात तसे. त्यांना आळी म्हणतात. ती आळी एकवीस दिवस पाण्याने भरून ठेवायची. सिमेंट आतून घट्ट व्हायला ते पाणी लागतं. उन्हात स्लॅब कोरडा पडला तर त्याला केसासारख्या चिरा जातात. दिसत नाहीत. पावसाळ्यात दिसतात. आमच्या करारनाम्यात अकरावं कलम होतं — एकवीस दिवस पाणी मारण्याची जबाबदारी गुत्तेदाराची. ते कलम मीच घालायला लावलं होतं.

आमच्या घराचा स्लॅब टाकला तो दुष्काळात, त्र्याहत्तरच्या होळीच्या आधी. दुधना कोरडी. सरकारी विहिरीवर घरटी दोन हंडे, तेही पहाटेपासून रांग लावून. गुत्तेदाराच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या विहिरीला तेवढं पाणी होतं. तिथून बैलगाडीवर लोखंडी टाकी यायची आणि आमच्या प्लॉटवरच्या हौदात रिकामी व्हायची. ते पाणी पिण्यासारखं होतं. गोड होतं. आणि आम्ही ते सिमेंटला पाजत होतो.

आमचं बिऱ्हाड तेव्हा प्लॉटपासून हाकेच्या अंतरावर, भाड्याच्या दोन खोल्यांत होतं. तुमचे आजोबा तहसील कचेरीत. दुष्काळी कामांवर मजुरांची हजेरी घ्यायला त्यांना पाठवलेलं, सोमवारी जायचे ते शनिवारी यायचे. घरात मी, माझ्या सासूबाई, चार वर्षांचा तुमचा बाबा, आणि सात महिन्यांची तुमची आत्या. तिला जुलाब लागले होते. दिवसाला किती दुपटी धुवायला लागत असतील? पाणी उकळून गार करून द्या, डॉक्टर म्हणाले. कुठलं पाणी?

स्लॅबवर पाणी मारायचं काम गयाबाईकडे होतं. पस्तिशीची असेल, उंच, काळीसावळी, नवरा वारलेला. डोक्यावर एकावर एक दोन हंडे, हातात बादली, आणि शिडी चढतानाही तोंड चालूच. स्लॅबला ती नवरदेव म्हणायची. त्याला रोज न्हाऊ घालायचं, त्याच्या अंगावर कुणी पाय द्यायचा नाही, म्हणून. "नवरदेवाला आंघूळ घालून आले बाई, लई लाडाचा हाय. माझ्या नवऱ्यानं एवढं पानी जन्मात न्हाई पाह्यलं." तिचं बोलणं ऐकत मी उन्हात उभी राहायची. सकाळची शाळा सुटून घरी जायची घाई असायची, तरी थांबायची.

चौथ्या दिवशी मी तिला म्हणाले, दोन हंडे आमच्या मागच्या दाराला दे.

"आन नवरदेव?"

संध्याकाळी वरून थोडं शिंपड, म्हणाले.

"शेटनं इचारलं मंग?"

तेव्हा मी जे म्हणाले ते मला शब्द न् शब्द आठवतं. मी म्हणाले, "माझं नाव सांग. मी सांगितलं म्हणून सांग. मी आहे." ती म्हणाली, "तुमचं नाव असल्यावर मला कोन काय म्हनतंय!" आणि पदर खोचून हौदाकडे गेली.

दोनाचे चार झाले, चाराचे दहा. अठरा दिवस. स्लॅबची आळी सुकून त्यांच्या मातीला भेगा पडल्या.

हे पाणी घेतलं, याची मला लाज वाटत नाही. नीट वाचा, मी काय लिहिते आहे. ओलं सिमेंट आणि आजारी मूल यांतून मी मूल निवडलं. पुन्हा ती वेळ आली तर पुन्हा निवडेन, आणि कुणा इंजिनियरला विचारायला जाणार नाही. तुमची आत्या जगली. कबुली द्यायची ती याची नाही.

मग वहीची आहे का?

वही अशी — सोसायटीची सेक्रेटरी म्हणून मी रोज संध्याकाळी बांधकामाची नोंद करायची. किती गवंडी आले, काय काम झालं, सामान काय उतरलं. त्या अठरा दिवसांतही केली. "आज आमच्या स्लॅबवर पुरेसं पाणी नाही." "आळी कोरडी." "संध्याकाळी फक्त शिंपडलं." खरं होतं ना? शंभर टक्के खरं. मी स्वतःला अनेक वर्षं सांगत आले की ती निव्वळ सवय होती. मी टापटिपीची बाई, दिसेल ते लिहिणार. पण पाणी घ्यायला लागल्यावर तिसऱ्या दिवसापासून त्या नोंदींपुढे समासात लाल पेन्सिलीने अकराचा आकडा आहे. अकरावं कलम. सवयीने माणूस समासात कलम घालत नाही. पाणी घेत असतानाच मला माहीत होतं की उद्या स्लॅब गळला तर ही वही कामाला येईल. एका हाताने घेत होते आणि दुसऱ्या हाताने लिहीत होते.

हे वाईट आहे. पण हेही मी लिहू शकले, बघा. हात थांबला नाही. म्हणजे अजून ते आलेलं नाही.

अक्षय तृतीयेला आम्ही घरात राहायला गेलो. आषाढात घर गळलं. बाकीच्या सात घरांत कुठे ओल, कुठे डाग; आमच्याकडे पुढच्या खोलीत चार ठिकाणी धार. तुमच्या बाबाचा पाळणा — आता आत्याचा — आम्ही दर तासाला हलवायचो. दारं, फरश्या, गिलावा, सगळ्या आठ घरांची मी यादी केली, नकाशासकट. गुत्तेदाराने दारं कबूल केली, फरशी कबूल केली. आमच्या स्लॅबवर मात्र अडून बसला. म्हणाला, माल तोच, गवंडी तेच, सात घरं गळत न्हाईत आन् एकच का गळतंय? प्रश्न बिनतोड होता. गावात तेवढा शहाणा प्रश्न कुणी विचारला नव्हता, आणि विचारला तो त्या लबाडाने.

शेवटी लवाद नेमायचं ठरलं. गावात एक निवृत्त ओव्हरसियर होते, दोन्ही बाजूंना मान्य. श्रावणात एका रविवारी ते आमच्याच घरी आले, त्याच गळक्या खोलीत. डागांखाली खुर्ची मांडून बसले. सोसायटीचे लोक सतरंजीवर, गुत्तेदार भिंतीला टेकून. आतल्या खोलीच्या उंबऱ्याशी सासूबाई वाती वळत बसल्या होत्या. गुत्तेदाराने गयाबाईला बोलावून घेतलं होतं. ती बाहेर ओसरीवर, चपला काढल्या होत्या तिथे उभी राहिली. तिला आत ये असं कुणी म्हटलं नाही. मीही नाही. घर माझं होतं.

थांबा. इथे येईपर्यंत मी एक गोष्ट दोनदा टाळली आहे. तुमच्या लक्षात आली का? मी लिहिलं, पाणी मागच्या दाराला यायचं. मागच्याच दाराला का? पुढचं दार तर हौदाच्या समोर होतं. आणि नेहमी दुपारीच का?

कारण दुपारी सासूबाई झोपायच्या.

गयाबाई बौद्ध होती. तिच्या वडिलांनी धर्म बदलला तेव्हा ती लग्नाची झाली होती, असं तिनेच एकदा सांगितलं होतं. माझ्या सासूबाई सोवळ्यातल्या. देवाचं पाणी वेगळं, स्वयंपाकाचं वेगळं. आणि 'त्यांच्यातल्या' कुणाचा हात लागलेलं पाणी घरात — तुम्हाला हे समजावून सांगावं लागतंय, ही चांगलीच गोष्ट आहे. तेव्हा कुणाला समजावावं लागत नव्हतं. मी माझे हंडे गयाबाईला द्यायची, ती ते भरून मागच्या पायरीवर ठेवायची, मी आत घ्यायची. सासूबाई उठल्या की मी म्हणायची, हौदावरून मी आणलं. अठरा दिवस आमच्या घरी तिने भरलेलं पाणी प्यायलं गेलं. त्या पाण्याने देवांना आंघोळ घातली. सासूबाईंनी त्यावर आपला कडक उपास सोडला. आणि मला — हेही सांगते — मला त्याची गंमत वाटायची. मी शिकलेली होते. शाळेत मुलांना सांगायची, सगळी माणसं सारखी. मनातल्या मनात मी स्वतःला फार धीट समजत होते. मागच्या दाराने कुणीही धीट होतं.

आता त्या रविवारकडे येते.

गुत्तेदार म्हणाला, "साहेब, म्या पानी रोज पाठवलंय, बिलकुल खाडा न्हाई. ही बाई मारत व्हती. इचारा हिला." ओव्हरसियर साहेबांनी विचारलं, पाणी मारलं की नाही?

गयाबाई घाबरली नाही. घाबरायचं तिला काही कारणच नव्हतं. ती म्हणाली, "समदं न्हाई मारलं साहेब. बाईंच्या घरी दिलं. बाळ आजारी व्हतं. बाई म्हनल्या व्हत्या, माझं नाव सांग." आणि माझ्याकडे बघून हसली. आपली माणसं भर सभेत एकमेकांकडे बघून हसतात, तशी.

उंबऱ्याशी वाती वळणारा हात थांबला. मी तिकडे बघितलं नव्हतं. तरी मला कळलं.

साहेबांनी माझ्याकडे वळून विचारलं, "बाई, हे खरं का?"

किती वेळ गेला असेल? तुमचा बाबा म्हणेल, क्षणभर. मला आठवतं, त्या वेळात मी एक संपूर्ण विचार केला. हो म्हटलं तर स्लॅबची दुरुस्ती जाईल — जाऊ दे, पुढच्या वर्षी आपण करू. सोसायटीचे लोक हसतील — हसू देत. हे दोन्ही मी खरंच सोडून दिलं होतं. तिसरं सुटेना. हो म्हटलं तर सासूबाईंना कळेल, आणि सासूबाईंना कळलं की गल्लीला कळेल, की या घरात कुणाच्या हातचं पाणी चालतं.

मी म्हणाले, "माझ्या घरचं पाणी मी स्वतः आणते."

एवढंच. वाक्य ओव्हरसियर साहेबांना उद्देशून होतं. पण म्हटलं होतं ते आतल्या खोलीसाठी. वाती वळायला पुन्हा सुरुवात झाली.

मग मी वही उघडली. शांतपणे, वर्गात हजेरी घेतात तशी, अठरा दिवसांच्या नोंदी वाचल्या. कोरडी आळी. नुसतं शिंपडलेलं पाणी. अकरावं कलम. साहेब मान डोलवत होते. "बाई, एवढी व्यवस्थित नोंद मी सरकारी कामावर पाहिली नाही," म्हणाले. त्याचा मला त्या क्षणीही आनंद झाला. काय माणूस असेन मी!

गुत्तेदार भडकला. पण माझ्यावर नाही, गयाबाईवर. "मंग गेलं कुठं पानी? इकलं व्हय गं? लोक थेंबाथेंबाला मरून राह्यले आन् तू पानी इकलं?" सतरंजीवरचं कुणीतरी म्हणालं, विकलंच असेल. दुसरं म्हणालं, त्यांचं असंच. मी वही मिटून मांडीवर ठेवली होती.

गयाबाई रडली नाही. तिने गुत्तेदाराकडे बघितलंही नाही. तिने फक्त मला विचारलं, हळू, जणू खरंच जाणून घ्यायचं होतं —

"पानी चाललं बाई, नाव न्हाई चाललं व्हय?"

साहेब तिला म्हणाले, जा आता. ती गेली.

हेच ते. हेच मला सांगायचं होतं. तिला सगळं कळलं होतं. स्लॅबसाठी नाही, दुरुस्तीसाठी नाही — आतल्या खोलीत बसलेल्या एका म्हातारीला कळू नये म्हणून, आणि मी शिकलेली, सुधारलेली बाई, कुणाच्या हातचं पाणी पिते ते गल्लीला कळू नये म्हणून, मी तिला चोर ठरू दिलं. दुष्काळात पाणी विकणारी. त्या वर्षी आमच्या भागात बाईला याच्याइतकी वाईट शिवी दुसरी नव्हती.

गुत्तेदाराने तिला त्याच दिवशी काढलं. शाळेच्या नव्या इमारतीचं काम त्याला मिळालं होतं; तिथे तिला कायमचं काम आणि राहायला पत्र्याची खोली देणार होता, ती गेली. परतूरमधल्या दुसऱ्या कुठल्याही गुत्तेदाराने तिला उभं केलं नाही. आम्हाला मात्र नवा कोबा मिळाला. स्लॅबवर विटांचे तुकडे, चुना, सिमेंट, वरून घोटून गुळगुळीत. माणसं एकवीस दिवस पाणी मारत होती. मी रोज वर जाऊन बघत होते. आणि सोसायटीने माझा सत्कार केला. नारळ आणि शाल. शालीत तुमच्या आत्याला गुंडाळलेला फोटो तुमच्याकडे आहे.

तुम्ही म्हणाल, काळच तसा होता, आजी. तुम्ही चांगली मुलं आहात, तुम्ही असंच म्हणाल. तुम्ही म्हणाल, सासूच्या धाकाखाली होतीस. म्हणाल, गुत्तेदाराने सिमेंट चोरलंच होतं, स्लॅब कदाचित तसाही गळला असता. या सगळ्या पायऱ्या मी कधीच चढून-उतरून बसले आहे. यांतली एकही मला नको. तुमच्याकडूनही नको. काळ तसा होता, तर त्याच काळात गयाबाई ओसरीवर उभी राहून खरं बोललीच ना? काळ काय फक्त माझ्यासाठी होता?

आणि सासूबाईंचं नाव तर घेऊच नका. सासूबाई अठ्ठ्याहत्तर साली गेल्या. त्यांना कळलं असतं तर त्या काय म्हणाल्या असत्या, मला माहीत नाही. मी त्यांना कधी संधीच दिली नाही. पण त्या गेल्या. त्यानंतर घरात मला कुणाची भीती उरली नव्हती. मोठी मीच होते.

पुढच्याच वर्षी दहावीच्या परीक्षेसाठी माझी नेमणूक कुंभार पिंपळगावला झाली. पेपर संपला, बसला वेळ होता, आणि त्या दिवशी आठवडी बाजार भरला होता. मी चिंच घ्यायला एका पाटीपाशी थांबले. शेजारची मिरचीवाली ओरडली, "ए पानीवाले, गिऱ्हाईक आलंय, जल्दी ये!" आणि मागच्या झाडाखालून गयाबाई उठून आली.

पाणीवाली. परतूरपासून ते नाव तिच्यामागे तिथवर आलं होतं. मिरचीवालीला ते कुठून आलं हे माहीत असेल, नसेल. ती प्रेमाने हाक मारत होती. पण नाव तेच होतं, आणि ते मी दिलेलं होतं.

तिने मला लगेच ओळखलं. खाली बसली, चिंच पुढे ढकलली. म्हणाली, "या बाई. बाळ बरं हाय न्हवं? मोठं झालं असंल."

मी म्हणाले, बरी आहे, पहिलीत गेली.

"लई हागायची," ती म्हणाली आणि हसली. खरंच हसली. मग तराजू उचलला, चिंच जोखली, काटा सरळ झाल्यावर वर आणखी एक बोटूक टाकलं, कागदात बांधून माझ्या हातात दिली. भोवती बाजार होता. मिरचीवाली बघत होती, एक गूळवाला बघत होता. चार माणसं होती. मला हवी तेवढीच. एक वाक्य म्हणायचं होतं — हिने पाणी विकलं नाही, ते मी घेतलं. सासूबाई नव्हत्या. गल्ली नव्हती. ओव्हरसियर नव्हते. थांबवणारं त्या बाजारात कुणीच नव्हतं.

तिने वाट बघितली. आज मला खात्री आहे की तिने वाट बघितली. मग म्हणाली, "आनिक काही, बाई?"

"नाही," मी म्हणाले.

आणि बसकडे चालू लागले.

परतूरचं घर आम्ही विकलं तोवर मी त्यात बावीस वर्षं राहिले. त्या कोब्याच्या स्लॅबखाली तुमचा बाबा दहावी झाला, आत्याचं लग्न ठरलं. छत पुन्हा कधी गळलं नाही. बाहेर कितीही पाऊस असो, आत एक थेंब नाही. आणि मला तिथे झोप लागायची. चांगली लागायची.